मूकपटातल्या परीकथा: राजपुत्र कोण झाले, दासी कोण झाल्या?

सरलवाट

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी मुलांना सिनेमा दाखवतो. प्रोजेक्टर, पांढरी भिंत, सतरंज्या आणि शेवटी राजगिऱ्याचा लाडू, एवढाच थाट. मुलं दहा ते चौदा वयाची. दिवाळीच्या सुट्टीत एखादा मूकपट दाखवावा असं घाटतंय आणि माझं मन १९२४च्या 'द थीफ ऑफ बगदाद'वर बसलंय. डग्लस फेअरबँक्स चोर, दिग्दर्शक राउल वॉल्श, विल्यम कॅमेरॉन मेन्झिसने उभं केलेलं ते हवेत तरंगल्यासारखं बगदाद, उडता गालिचा, पंखवाला घोडा. शंभर वर्षांपूर्वीचं काम, पण मुलं जागची हलणार नाहीत.

अडलंय वेगळ्याच ठिकाणी. परवा पुन्हा नीट बघायला बसले आणि कोण काय झालंय याकडे लक्ष गेलं. गोष्ट बगदादची, पण चोर, राजकन्या (ज्यूलान जॉन्स्टन) आणि खलिफा, तिघंही गोरे. मंगोल राजपुत्र मात्र खराखुरा जपानी नट, सोजिन कामियामा, आणि तोच खलनायक. त्याच्या सांगण्यावरून राजकन्येवर विषप्रयोग करणारी दासी म्हणजे ॲना मे वाँग. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, चिनी वंशाची, तेव्हा जेमतेम १९ वर्षांची. हिंदुस्थानचा राजपुत्र झालाय नोबल जॉन्सन, कृष्णवर्णीय अमेरिकन. आणि इराणचा गलेलठ्ठ राजपुत्र म्हणजे पुरुषवेषातली एक फ्रेंच बाई, मातिल्द कोमों!

म्हणजे तऱ्हतऱ्हेची माणसं पडद्यावर आहेत, अगदी भरपूर. फक्त राजकन्या कोणाला मिळणार हे चेहरे बघूनच कळतं.

तर विचारायचं असं: त्या काळच्या सगळ्याच परीकथांच्या मूकपटांत हेच होतं का? आणि मुलांना दाखवताना आधी चार शब्द बोलावेत की सरळ दिवे बंद करावेत?

खारेदाणे

पहिला! बसलो सतरंजीवर. लाडू शेवटी का, मध्यंतरात का नाही?

गिरगावकर७

हा साबूवाला ना? बाटलीतून जिन निघतो तो? लहानपणी मॅटिनीला बघितला होता.

उत्तररात्र

गिरगावकर, तो १९४०चा, बोलका आणि रंगीत. म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा मुलगा साबू त्यात बगदादचा चोर झाला आणि जिन झाला रेक्स इंग्रम, तोही कृष्णवर्णीय अमेरिकन. सरलवाट म्हणताहेत तो त्याच्या आधीचा.

सरलवाटताई, विषय उत्तम काढलात. नोबल जॉन्सनबद्दल थोडं लिहितो, कारण 'हिंदुस्थानचा राजपुत्र' एवढ्यावर त्याला सोडून देणं बरं नाही. हा माणूस नुसता नट नव्हता. १९१६ साली भाऊ जॉर्ज आणि इतर काही जणांबरोबर त्याने लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली. कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी काढलेली, त्यांना नोकर-विदूषक न दाखवता शिकलेली, कष्टाळू, स्वाभिमानी माणसं म्हणून दाखवणारी कंपनी. आणि पोटासाठी हाच गृहस्थ युनिव्हर्सलच्या सिनेमांत मिळेल ते काम करत होता. १९१८मध्ये त्याने स्वतःची कंपनी सोडली, मोठ्या स्टुडिओंतली कामं चालू ठेवली. उजळ वर्ण आणि काळीपांढरी फिल्म, त्यामुळे तो कोणीही होऊ शके. रॉबिन्सन क्रूसोचा फ्रायडे, रेड इंडियन सरदार, पुढे 'किंग काँग'मधला बेटावरचा टोळीप्रमुख. 'थीफ'मध्ये तो आपला राजपुत्र. जगातल्या सगळ्या 'इतरांचं' काम एकट्या माणसाच्या गळ्यात.

सोजिनचंही तेच. तो जपानमधला नाव असलेला रंगकर्मी, बायकोबरोबर स्वतःची नाटक मंडळी चालवलेला. अमेरिकेत आल्यावर मंगोल, चिनी, जे काही 'पूर्वेकडचं आणि कपटी' असेल ते त्याच्याकडे. कुरोसावाच्या 'सेव्हन समुराय'मधला आंधळा गवई आठवतोय? तो सोजिनच. १९५४ साली.

टिंबटिंब

सेव्हन समुराय निदान चार वेळा बघितलाय आणि हे माहीत नव्हतं. दंडवत.

ताकभात

मला हे आजची फूटपट्टी घेऊन शंभर वर्षांपूर्वीचं कापड मोजणं वाटतं. परीकथा आहे. गालिचा उडतो ते चालतं, मग गोरा अरब का चालू नये? त्या काळी हॉलिवुडमध्ये जे नट होते त्यांना घेतलं. उलट एवढे आशियाई आणि कृष्णवर्णीय नट १९२४मध्ये एका सिनेमात घेतले याचं कौतुक करायचं सोडून आपण पंचनामा करतोय. मुलांना आधी भाषण ठोकलंत तर ती गालिचा बघायच्या ऐवजी वंशभेद शोधत बसतील.

पेठकरीण

ताकभात, "जे नट होते त्यांना घेतलं" हे पटत नाही. ॲना मे वाँग होतीच की! तिने १९२२मध्ये 'द टोल ऑफ द सी' या सुरुवातीच्या रंगीत चित्रपटात नायिका केली होती आणि लोकांना आवडली होती. मग दोन वर्षांनी ती दासी का? तर कॅलिफोर्नियात गोऱ्यांचं आणि त्यांच्या कायद्याच्या भाषेत 'मंगोल' वंशीयांचं लग्न बेकायदा होतं, १९४८पर्यंत. गोऱ्या नायकाने जिच्याशी लग्न करायचं ती बाई चिनी वंशाची दाखवणं कोणत्या स्टुडिओला परवडणार? ('टोल ऑफ द सी'मध्ये गोरा तिला सोडून जातो आणि शेवटी ती समुद्राला जवळ करते, हे सांगायला नको.) १९२४च्याच 'पीटर पॅन'मध्ये तिला टायगर लिली केलं, म्हणजे चिनी मुलगी रेड इंडियन. कंटाळून १९२८मध्ये ती युरोपात गेली. परत आली तर 'द गुड अर्थ'मधली चिनी शेतकरीण दिली कोणाला? गोऱ्या लुइझ रायनरला. आणि तिला त्याबद्दल ऑस्कर.

२०२२मध्ये अमेरिकेने वाँगचा चेहरा पाव डॉलरच्या नाण्यावर छापला. आता काय उपयोग.

झब्बू

पाव डॉलर म्हणजे आजच्या भावाने एक वडापाव. बरोबर न्याय झाला म्हणायचा.

बे_एरिया_बंडू

ताकभात, आजची फूटपट्टी राहू द्या, त्याच वर्षाची घ्या. सिनेमाचा पहिला खेळ न्यूयॉर्कला मार्च १९२४मध्ये झाला. मे महिन्यात अमेरिकेने नवा स्थलांतर कायदा केला आणि आशियातून येणाऱ्यांना जवळजवळ दार बंद. त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १९२३मध्ये, सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद या अमेरिकेतल्या शीख गृहस्थाच्या नागरिकत्वाच्या खटल्यात सांगितलं की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. तेव्हा मंगोल राजपुत्र हमालांच्या वेषात सैनिक शहरात घुसवतो आणि एका रात्रीत बगदाद गिळतो, हे तिथला प्रेक्षक परीकथा म्हणून बघत असेल, पण वर्तमानपत्रातही तो रोज तेच वाचत होता.

आता आपल्या कामाची गोष्ट. थिंदचा वकील होता सखाराम गणेश पंडित. नावावरून सदाशिव पेठेतला वाटतो, पण जन्म अहमदाबादचा, वकिली लॉस एंजेलिसमध्ये. थिंद हरल्यावर सरकारने आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली, त्यात पंडितांचंही नाव. ते स्वतःची केस लढले आणि जिंकले. पडद्यावर हिंदुस्थानचा राजपुत्र राजकन्येसाठी कंदाहारजवळच्या मूर्तीचा डोळा काढून आणत होता, तेव्हा त्याच गावात एक खरा हिंदुस्थानी मी इथला नागरिक आहे हे सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. यावर कोणी सिनेमा काढेल तर तिकीट मी काढतो.

ताकभात

बंडूराव, माहिती भारी आहे. पण फेअरबँक्सच्या मनात हे सगळं होतं असं म्हणणं ताणणं आहे. आणि एक सांगा, मुंबईच्या प्रेक्षकाला हा सिनेमा आवडला होता की नाही?

उत्तररात्र

आवडला होता म्हणजे काय, डोक्यावर घेतला होता. सरकारने १९२७-२८ला सिनेमाची चौकशी समिती नेमली होती, अध्यक्ष दिवाणबहादूर रंगाचारियर. अमेरिकन सिनेमाचा जोर मोडून साम्राज्यातल्या सिनेमाला जागा मिळते का, ही सरकारची काळजी. समिती देशभर फिरली, शेकडो साक्षी घेतल्या आणि अहवालात नोंद अशी की हिंदुस्थानात सगळ्यात लोकप्रिय ठरलेला सिनेमा 'द थीफ ऑफ बगदाद'.

यात ताकभातांचा मुद्दा काही अंशी बरोबर ठरतो. आपला राजपुत्र हरला म्हणून इथे कोणी खुर्च्या मोडल्या नाहीत. पण मला ते कौतुकाचं वाटत नाही, कुतूहलाचं वाटतं. दुसऱ्याने आपली केलेली नक्कल आपल्याला एवढी का भावली?

शब्दवेडी

कारण ती नक्कल आपल्या ओळखीची होती! ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या माणसाला नवी नव्हतीच. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' घरोघरी, पारशी नाटक कंपन्यांचे परीदरबार गावोगावी, गुलबकावली तर आजीच्या तोंडी. अमेरिकनांनी फक्त पैसे ओतले. दहा लाख डॉलरच्या वर खर्च झाला त्या सिनेमावर, त्या काळात.

आणि सगळे जण हॉलिवुडवरच का अडकलात? १९२४मध्येच मुंबईत कोहिनूर कंपनीने 'गुल-ए-बकावली' काढला. आंधळा बादशहा, धाकटा शहजादा ताज-उल-मुल्क, पऱ्यांच्या मुलखातून आणायचं फूल. नायिका झुबेदा, जी पुढे 'आलम आरा'त दिसली. दिग्दर्शक कांजीभाई राठोड. आता सरलवाटच्या प्रश्नाशी हे कसं जुळतं बघा: राठोड दक्षिण गुजरातमधल्या मरोलीचे, दलित कुटुंबातले. आपल्या चित्रपटधंद्यातले बहुधा पहिले दलित, असं अभ्यासक लिहितात. म्हणजे जो माणूस त्या काळी कित्येक गावांच्या देवळात पाऊल ठेवू शकला नसता, तो कॅमेऱ्यामागे उभा राहून बादशहा आणि शहजाद्यांना उठ-बस सांगत होता.

पडद्यावर कोण दिसतं याचीच मोजदाद केली तर हे नाव हाती लागत नाही.

माळकरी

बरं झालं शब्दवेडीताईंनी मुंबईत आणलं. आपल्याकडे तर वंशाच्या आधी बाईचाच प्रश्न होता. फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, कामाठीपुऱ्यापर्यंत शोधून झालं, शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. आणि १९१७च्या 'लंकादहन'मध्ये साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता! मातिल्द कोमोंचं नवल वाटणाऱ्यांनी याचं काय करायचं?

झब्बू

त्या संसारात भांडण नसणार. दोघांनाही एकच पगार.

गिरगावकर७

माळकरी, दुसरी बाजूही सांगा. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, खऱ्या बायका, १९१३ सालीच. आणि 'कालिया मर्दन'मधला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लेक मंदाकिनी. एवढीशी पोर, पाण्यात उतरून नागाशी झुंजते. एका बाजूला पुरुष सीता होतोय, दुसऱ्या बाजूला मुलगी कृष्ण. हॉलिवुडने 'पीटर पॅन'मध्ये बेटी ब्रॉन्सनला पीटर केलं त्याच्या पाच वर्षं आधी.

सनातन_साखरे

थांबा थांबा. धागा परीकथांचा आहे. रामायण आणि भागवत परीकथा कधीपासून झाल्या?

झब्बू

आला. आता धागा शंभरी गाठणार.

माळकरी

साखरेसाहेब, परीकथा म्हटलं नाही हो. मीही वारी करतो. पण कॅमेऱ्याच्या करामती दोन्हीकडे त्याच. गायब होणं, उडणं, शेपूट वाढणं, एकाच माणसाची दोन रूपं. फाळक्यांनी ते मारुतीसाठी वापरलं, मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाने परीसाठी. तंत्र एकच, भाव वेगळा.

सनातन_साखरे

भाव वेगळा हे मान्य असेल तर माझी हरकत संपली. साळुंक्यांचा राम बघून लोक चपला काढून बसायचे. बगदादच्या चोरासाठी कोणी काढल्या असतील असं वाटत नाही.

टिंबटिंब

चोरासमोर चपला काढायच्याच नसतात.

पेठकरीण

:-)) दिवसाचा प्रतिसाद.

साळुंके आणि कोमों मात्र एका पारड्यात घालू नका. साळुंके सीता झाले कारण बायका यायला तयार नव्हत्या, आणि ते काम त्यांनी मन लावून केलं. सीता हास्यास्पद दिसावी असा हेतू नव्हता. कोमोंबाईंना घेतलं ते इराणी राजपुत्र गुबगुबीत, आळशी, बायकी दिसावा म्हणून. बाई पुरुष झाली यात काहीच वावगं नाही. तिच्या पुरुष होण्यातून इराणी माणसाची टिंगल करून घेतली, वावगं ते आहे.

ताकभात

हा फरक पटला. मुलांनाही कळेल असा आहे.

कोकम_सरबत

थोडं आणखी मागे जाऊ का? १९०० सालच्या आसपास परीकथा म्हणजे फ्रान्स. मेलिएसची 'सिंड्रेला' १८९९ची, 'परीराज्य' १९०३चं, 'अरबी रात्रींचा महाल' १९०५चा. त्याने १९००मध्ये एक 'राजाचं स्वप्न'ही केलंय. त्यातला राजा म्हणजे आपल्याकडचा राजा, मंतरलेल्या जंगलात सापडलेला. त्याच्या सगळ्या पऱ्या पॅरिसच्या नाचगाण्याच्या थिएटरांतल्या पोरी. वंशवैविध्य शोधायला गेलात तर हात रिकामे.

पण मला त्यातल्या वेगळ्याच बायकांबद्दल सांगायचंय. हे सिनेमे काही प्रतींत रंगीत असायचे. म्हणजे काळ्यापांढऱ्या फिल्मवर एकेक चौकट हाताने रंगवलेली. पॅरिसमध्ये एलिझाबेथ थुइलिए नावाच्या बाईंचा कारखाना होता, दोनशेच्या आसपास कामकरी, सगळ्या बायका. प्रत्येकीला एकच रंग. एक बाई दिवसभर फक्त लाल, दुसरी फक्त हिरवा. चौकट केवढी, तर टपालाच्या तिकिटाएवढी. त्यात परीचे पंख, ज्वाला, झगे. सेकंदाला सोळा-अठरा चौकटी धरा आणि दहा मिनिटांच्या सिनेमाचा हिशोब करा, आणि तो फक्त एका प्रतीचा. दुसरी प्रत हवी तर पुन्हा पहिल्यापासून.

परीकथेला परीकथेचा रंग या बायकांनी दिला आणि त्यांपैकी एकीचंही नाव पडद्यावर नाही. मालकीणबाईंचं नाव उरलं तेवढं नशीब. दासी कोण झाल्या म्हणून विचारताय, तर माझं उत्तर हे.

शब्दवेडी

कोकम, वा. यावरून आठवलं: 'बुलबुल-ए-परिस्तान', १९२६. फातमा बेगम यांचा. आपल्याकडच्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक, स्वतःची कंपनी काढून पहिलाच सिनेमा केला तो पऱ्यांचा. झुबेदा, सुलताना, शहजादी या तिघी त्यांच्या मुली, तिघीही नट्या. बाईने निवडलेलं परिस्तान कसं दिसत होतं हे आता बघता येत नाही, सिनेमाची प्रतच उरलेली नाही. फेअरबँक्सचा गालिचा घरबसल्या फुकट बघा, फातमाबाईंची एक चौकटसुद्धा नाही. कोणाचं काय टिकलं, हाही प्रतिनिधित्वाचाच भाग धरा.

खारेदाणे

अवांतर: गुलबकावलीत ती जुगारी वेश्या आहे ना, दिलबर? मांजराच्या डोक्यावर दिवा ठेवून फासे टाकते आणि हरायला लागली की मांजर दिवा हलवतं आणि सावलीत उंदीर फासा उलटवतो? आमच्या आजीने सांगितलेली. राजपुत्राचं नाव विसरलो, मांजर लक्षात आहे.

शब्दवेडी

हो तीच. आणि शहजादा मुंगूस सोडून तिला हरवतो. सगळ्यांत हुशार पात्र मांजरच आहे.

अनुस्वार

उशिरा आलो. मी बर्लिनजवळ राहतो, त्यामुळे लोटे रायनिगरबाईंचं नाव अजून कसं आलं नाही याचं नवल वाटतंय. 'राजपुत्र अहमदची साहसं', १९२६. जाड काळ्या कागदातून कात्रीने कापलेल्या बाहुल्या, मागून उजेड, आणि एकेक हालचाल टिपत तीनेक वर्षं पॉट्सडॅममध्ये काम. आपल्या ओळखीच्या भाषेत सांगायचं तर छायाबाहुल्यांचा खेळ, पण सिनेमाचा. आज उपलब्ध असलेल्या बोलपट-मूकपट सगळ्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत हा सर्वांत जुना.

सावल्यांत सगळे काळेच, म्हणून भेदभाव नाही, असं वाटेल. तसं नाही. अहमद आणि परीबानू यांचे नाकडोळे नाजूक, कमनीय. आफ्रिकी जादूगार वाकडा, नख्यांचा, अंगाने सरपटणारा. चीनच्या बादशहाची दरबारी मंडळी व्यंगचित्रातली. रंग काढून घेतला तरी रेषेत सगळं उतरतंच. आणखी एक: अहमद परीबानूला मिळवतो कशी, तर ती तळ्यावर आंघोळ करत असताना तिचा पिसांचा पोशाख पळवून.

पण त्यातच एक गंमत. जादूगारापासून सगळ्यांना वाचवणारं पात्र म्हणजे ज्वालामुखीच्या डोंगरातली एक बेढब, कुरूप चेटकीण. जादूगाराशी मोठी लढाई, ज्यात दोघं प्राण्यांची रूपं बदलत झुंजतात, ती तिची. राजपुत्र बाजूला उभा. एका बाईने कापलेली ती कुरूप बाई मला सबंध सिनेमात सर्वांत आवडते. तो सिनेमा तासाभराच्या थोडाच वर आहे. सरलवाट, मुलांना तोही चालेल.

बे_एरिया_बंडू

अनुस्वार +१. आणि सगळ्यात वाईट नमुना नोंदवून ठेवतो: १९२५चा 'विझर्ड ऑफ ओझ', लॅरी सीमनचा. त्यात स्पेन्सर बेल नावाचा कृष्णवर्णीय नट आहे, पात्राचं नाव स्नोबॉल, ओळख करून देतात ती कलिंगड खाताना, आणि श्रेयनामावलीत त्याचं खरं नाव न देता त्याच्या रंगावरून केलेला विनोद छापलाय. तो मुलांना दाखवू नका. त्यात ऑलिव्हर हार्डी टिनमॅन झालाय, तरीही नको. 'थीफ'मध्ये निदान जॉन्सन ताठ मानेने चालतो.

ताकभात

हे वाचून मी अर्धा पाऊल मागे येतो. अर्धाच. दाखवू नये असं मात्र कोणीच म्हणत नाहीये ना?

पेठकरीण

छे! दाखवायचाच. मला तर वाँग आल्यावर दुसरीकडे बघवत नाही. कपडे जेमतेम, भूमिका जेमतेम, पण ती दाराआड उभी राहून नुसती कान देते तरी राजकन्या फिकी पडते. फेअरबँक्सच्या सगळ्या उड्यांपेक्षा तिचं ते उभं राहणं जड आहे.

सरलवाट

बापरे, चार दिवस लॉगिन केलं नाही तर एवढं! सगळ्यांचे आभार, साखरेसाहेबांचेही.

ठरवलंय ते सांगते. आधी भाषण नाही, ताकभातांचं तेवढं ऐकते. पण भिंतीवर चार फोटो लावणार: वाँग, सोजिन, जॉन्सन, कोमों. खाली नाव, गाव, आणि सिनेमात कोण झाले. मुलांनी सिनेमा बघताना त्यांना शोधायचं. ओळखलं त्याला दुसरा लाडू. संपल्यावर एकच प्रश्न विचारणार: या चौघांपैकी कोणाला तुम्ही चोर केलं असतं? मग बोलू द्यायचं. पंडित वकिलांची गोष्ट मोठ्या मुलांना सांगेन, ती मला फार आवडली. रायनिगर पुढच्या महिन्यात, त्याबरोबर कात्री आणि काळा कागद.

दोन अडचणी आहेत. एक, सिनेमा अडीच तासांचा. दुसरी, इंग्रजी पाट्या. त्या कोणीतरी मराठीत मोठ्याने वाचाव्या लागतील.

माळकरी

पाट्यांची काळजी नको. पूर्वी थिएटरात पाट्या वाचून दाखवणारा माणूस असायचाच, शिवाय पेटी-तबला. तुमच्या गावात भजनी मंडळ असेल ना? तबलजीला आधी एकदा सिनेमा दाखवा. घोडा उडतो तिथे काय वाजवायचं हे त्याला बरोबर कळेल.

सनातन_साखरे

पाट्या वाचायला मी येतो. आवाज खणखणीत आहे. तालुका कुठला?

झब्बू

हा धागा कुठून कुठे आला!

सरलवाट

साखरेसाहेब, व्यक्तिगत निरोप करते. खरंच या.

उत्तररात्र

मध्यंतराची जागा सांगतो. राजकन्या तिन्ही राजपुत्रांना सांगते की सातव्या चंद्राच्या वेळी सर्वांत दुर्मिळ भेट घेऊन या, आणि ते आपापल्या दिशांना निघतात. तिथे थांबवा. जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि कोण काय आणणार यावर मुलं आपापसात पैजा लावतील.

खारेदाणे

म्हणजे लाडू मध्यंतरात. मी पहिल्याच प्रतिसादात म्हटलं होतं.